नेल गन: आधी नाक, मग बोट

(बारामती-इंदापूर परिसरातल्या तरुण कारागिरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो, इथे कोणी बारामती एमआयडीसीत पॅलेट ठोकतं, कोणी लोणी देवकरला खोकी बनवतं, कोणी इंदापुरात फर्निचर करतं, कोणी सोफ्याचं काम करतं. हातोडी अजून आहेच, पण दिवसभराचं खरं काम आता हवेवरच्या गनने होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लाकूडकामातलं तुम्हाला मी काय शिकवणार? पण ही गन आतून ‘विचार’ कसा करते, ते सांगू शकतो. कारण अट आणि क्रम हेच माझं रोजचं काम आहे.

खिळा सुटायला गनला दोन गोष्टी लागतात. एक, ट्रिगर दाबलेला हवा. दोन, गनच्या नाकावरची सेफ्टी लाकडावर टेकून आत गेलेली हवी. दोन्ही अटी पूर्ण झाल्या की खिळा जातो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न पुढचा आहे: या दोन गोष्टी कोणत्या क्रमाने व्हायला हव्यात, हे गन बघते की नाही?

एका प्रकारची गन क्रम बघते. आधी नाक टेकवा, मग ट्रिगर दाबा, तरच खिळा सुटेल. पुढच्या खिळ्यासाठी ट्रिगर सोडून पुन्हा दाबावा लागतो. याला सिक्वेन्शियल ट्रिगर म्हणतात. दुसऱ्या प्रकारची गन क्रम बघत नाही. ट्रिगर दाबून धरा आणि नाक आपटत चला, प्रत्येक टेकणीला एक खिळा. हा कॉन्टॅक्ट ट्रिगर, म्हणजे ‘आपटून मारायची’ गन. पॅलेटच्या कामात हीच सगळ्यांना आवडते, कारण मजुरी नगावर असते.

आता तोटा बघा. खिळा सुटला की गन मागे उसळते. बोट ट्रिगरवरच आहे. उसळलेली गन परत खाली येते, नाक पुन्हा टेकतं आणि तुम्ही न मागितलेला दुसरा खिळा सुटतो. पहिल्या खिळ्यावर आपटून तो कुठेही जाऊ शकतो. किंवा बोट ट्रिगरवर ठेवून तुम्ही वळलात आणि नाक स्वतःच्या मांडीला नाहीतर शेजारच्या पोराच्या पाठीला टेकलं. गनला लाकूड आणि मांडी यांतला फरक कळत नाही. तिच्या दोन्ही अटी पूर्ण झाल्या, एवढंच तिला कळतं.

अमेरिकेत या विषयाचा बराच अभ्यास झाला आहे. तिथल्या सरकारी सुरक्षा संस्थांनी २०११ साली नेल गनबद्दल एक मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार तिथे वर्षाला सुमारे ३७,००० लोक नेल गनच्या इजेमुळे इमर्जन्सी विभागात जात होते. घरबांधणीत शिकाऊ सुतार म्हणून काम करणाऱ्या दर पाच जणांपैकी दोघांना चार वर्षांच्या काळात गनने इजा झाली होती. निम्म्याहून जास्त इजा हाताला आणि बोटांना. आणि कॉन्टॅक्ट ट्रिगरवर धोका सिक्वेन्शियलच्या दुप्पट.

‘पण भाऊ, वेग कमी होतो ना!’ हेही तिथे मोजलं गेलं. अनुभवी सुतारांकडून सारख्याच लाकडी शेड दोन्ही ट्रिगरने बांधून घेतल्या. आपटून मारायच्या गनने खिळे ठोकण्याचा वेळ सरासरी १० टक्क्यांनी वाचला. पण मापं घेणं, कापणं, जुळवणं धरून पूर्ण कामाचा हिशेब केला, तेव्हा ही बचत एक टक्क्याहूनही कमी निघाली. पॅलेटच्या कामात ठोकणंच जास्त असतं, म्हणून तिथे फरक थोडा जास्त पडेल, हे मान्य. तरी एक बोट कामातून गेलं की किती महिन्यांची मजुरी जाते, ते या वेगासमोर मांडून बघा. आणि तेवढा वेग हवाच असेल, तर तो नव्या पोराच्या हातात देऊ नका.

आपली गन कोणती, हे कसं ओळखायचं? गॉगल लावा. एक जाड लाकडी ठोकळा शिकंज्यात पक्का आवळा, दुसरा हात मागे ठेवा, आजूबाजूला कोणी नको. हवेत ट्रिगर दाबून धरा आणि मग नाक ठोकळ्यावर टेकवा. खिळा सुटला तर ती कॉन्टॅक्ट ट्रिगरची. सुटला नाही तर सिक्वेन्शियल. काही गनला बदलायची कळ असते, काहींना वेगळा ट्रिगर बसवता येतो. विकत घेताना दुकानदाराला हे विचारा. आणि सोफ्याच्या पिन गनला पुष्कळदा नाकाची सेफ्टीच नसते. ती नुसत्या ट्रिगरवर सुटते. म्हणून तिच्याबाबत हा प्रयोग करायचाच नाही. तिथे मारायच्या क्षणापर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, बस.

आता रोजच्या काही गोष्टी. लाकूड धरणारा हात खिळ्याच्या जागेपासून किमान एक फूट लांब हवा. गाठ लागली की खिळा वळतो आणि बाजूने बाहेर येतो. तुकडा छोटा असेल तर हाताने धरू नका, शिकंजा लावा. कॉम्प्रेसरचा दाब गनच्या प्लेटवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त नको. खिळा पूर्ण बसत नाही म्हणून दाब चढवत जाऊ नका. ऑक्सिजनचा किंवा कोणत्याही गॅसचा सिलिंडर गनला कधीही जोडू नका, गन हातात फुटेल. साधा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे; बाजू झाकणारा, आयएस ५९८३ लिहिलेला घ्या. कानात प्लग घाला.

खिळा अडकला तर आधी होज काढा, मग हात लावा. इथे एक बारीक गोष्ट आहे. गनच्या बाजूला नर कपलिंग असावं आणि होजच्या बाजूला मादी. तसं असेल तर होज काढताच गनमधली हवा निघून जाते. उलट बसवलं असेल तर होज काढल्यावरही हवा गनमध्ये कोंडून राहते आणि ‘बंद’ गन एक खिळा मारते. उद्या कामावर गेलात की सगळ्यात आधी हे बघा.

तरीही खिळा घुसलाच, तर तो पक्कडीने ओढू नका. खिळ्यावर तार किंवा गोंद असतो, तो आतलं फाडत बाहेर येतो. हात हलवू नका आणि दवाखाना गाठा. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, गाडीसाठी १०८ आहे. सोबत त्याच मापाचा एक खिळा न्या, म्हणजे डॉक्टरांना लांबी कळेल. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. भोक बारीक दिसलं तरी आत नस, सांधा किंवा हाड दुखावलेलं असू शकतं. बोट बधिर झालं असेल तर तेही सांगा.

आणि केसपेपरवर ‘कामावर असताना नेल गनने इजा’ असंच लिहून घ्या. ‘घरी पडलो’ असं सांगू नका, मालक ओळखीचा असला तरी. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, हे आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. पण त्याच कायद्यात एक अट आहे. सुरक्षेसाठी बसवलेली वस्तू कामगाराने जाणूनबुजून काढली असेल आणि त्यामुळे इजा झाली असेल, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. जीव गेला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर ही सबब चालत नाही. पण बोट गेलं तर मालक ती पुढे करू शकतो. नाकाची सेफ्टी तारेने बांधून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ती तार तुमचं बोटही घालवते आणि हक्कही.

आपल्याकडे इजा झाली की म्हणतात, नसीब में था. मी यंत्रांच्या अटी वाचणारा माणूस आहे. गन जे करते ते तिच्या रचनेप्रमाणे करते, आणि रचना आपण निवडू शकतो. म्हणून माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. या आठवड्यात आपल्या कारखान्यातल्या प्रत्येक गनचा ट्रिगर तपासा. ज्या गनवर कॉन्टॅक्ट ट्रिगर आहे तिच्यावर रंगाने खूण करा. आणि मालकाला किंवा उस्तादांना चारचौघांनी मिळून सांगा, की नवीन येणाऱ्या पोराच्या हातात खूण नसलेलीच गन द्यायची. एकट्याने सांगितलं तर घाबरतो म्हणतील. चौघांनी सांगितलं तर तो कारखान्याचा नियम होतो.

आता प्रश्न विचारा. गन आणली असेल तर दाखवा, पण होज काढून.