कोरड्या मुलखातला पूर



लालबाग-परळला साचलेले पाणी नवे नाही. हिंदमाताजवळ गुडघाभर पाणी झाले की आपण चपला हातात घेतो आणि घर गाठतो. पण आज मी सांगणार आहे तो पूर निराळा. तो सोलापूर-धाराशिवकडचा. त्या बाजूची मंडळी आपल्यातही आहेत. त्यांचे आईबाप, भाऊबंद तिकडेच राहतात.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तो तर दुष्काळी मुलूख! तिथे पूर कसला?"

खरे आहे. मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सोलापुरात त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही पडत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावे लागले. आणि नवल पाहा, त्याच वर्षी पावसाळा सरता सरता जोराचा पाऊस झाला आणि मांजरा धरण भरले!

असे का होते? अरबी समुद्राचे ढग सह्याद्रीला अडतात आणि इकडेच रिते होतात. पलीकडे पोचतो तो उरलासुरला पाऊस. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात बंगालच्या उपसागराकडून वादळी पाऊस येतो. त्या वाटेवर सह्याद्रीसारखी सलग भिंत नाही. मग कधी कधी महिन्याचा पाऊस एकदोन दिवसांतच कोसळतो. काळी जमीन कोरडी असते तेव्हा तिला भेगा पडतात, ती पाणी पिते. पण भिजली की ती फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी आत मुरेनासे होते. ते ओढ्याकडे धावते.

१३ ऑक्टोबर २०२० रोजी असे एक वादळ काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागले. हैदराबादेत हाहाकार झाला. मग कर्नाटक आणि सोलापूर भागात पाऊस कोसळला. उजनी धरण भरलेले होते, त्यातून पाणी सोडावे लागले. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसे गेली. सीमेपलीकडे कलबुर्गी जिल्ह्यातही भीमेने गावे वेढली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी फुगली. माढा, करमाळा, मोहोळकडची गावे पाण्यात गेली. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे रस्ता बंद पडला. पिके गेली, जनावरे गेली, शेतातली मातीसुद्धा वाहून गेली.

कोरड्या मुलखात ओढा माणसाला फसवतो, बरं का! वर्षभर त्यात पाणी नसते. मुले तिथे खेळतात. कुणी पात्रात गोठा घालतो, कुणी बांध सरकवतो. पण पाणी आपली वाट विसरत नाही. शिवाय आपल्या डोक्यावर आभाळ मोकळे असले, तरी वरच्या अंगाला पाऊस झाला की इकडे लोंढा येतो.

म्हणून गावी एवढे कळवा. वाहते पाणी गुडघ्याएवढे असले तरी त्यात उतरू नये. ते पाय उचलते, मोटारसायकलही नेते. पुलावरून पाणी जात असेल तर अलीकडेच थांबावे. उंचावरची जागा आधीच ठरवून ठेवावी. पाणी चढू लागले की दावणीची जनावरे मोकळी सोडावी. सातबारा, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे.

आणखी एक. हवामान खात्याचे इशारे रंगांत असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. हे इशारे मोबाईलवर येतात. गावी म्हाताऱ्या माणसांना ते वाचता येत नाहीत. आता तुम्हांला वाचता येते. इशारा दिसला की लगेच गावी फोन लावा आणि तो मोठ्याने वाचून दाखवा. आणि आज घरी गेल्यावर या गोष्टी चार ओळींत लिहून काढा. उद्या वर्गात आपण त्या वाचू.