म्हैस भादरावी की नाही?

दिवाळी जवळ आली की गोठ्यागोठ्यांतून वस्तऱ्याला धार लागते. पाडव्याला नाशिकचे गवळी बांधव रेडे भादरून, रंगवून, सजवून म्हसोबाच्या दर्शनाला नेतात. त्यांचं पाहून आपणही दुभत्या म्हशीवर वस्तरा फिरवतो. पण म्हैस भादरायची की नाही, हे शेजाऱ्याकडं बघून ठरवू नका. आपल्या म्हशीकडं आणि गोठ्याकडं बघून ठरवा.

भादरण्याचा फायदा आहेच. उवा आपल्या लिखा केसांना चिकटवतात. केस गेले की लिखाही जातात. अंग धुणं सोपं होतं, दुधात केस पडत नाहीत.

पण केस हे म्हशीचं पांघरूण आहे. ते काढलं की ऊब राखायला खुराक खर्ची पडतो, आणि दूध घटतं. आपल्या जिल्ह्यातली थंडी काही साधी नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडकडं पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता. अशाच एका पौषात, उवा झाल्या म्हणून सबंध भादरलेली म्हैस मी पाहिली. उघड्या गोठ्यात ती कुडकुडत उभी होती. उवा गेल्या, पण त्यांच्याबरोबर दूधही गेलं.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा :

१) पाडवा ऑक्टोबरात आला, तर भादरायला हरकत नाही. कडाक्याच्या थंडीआधी केस थोडे वाढतात. पाडवा उशिरा आला आणि गोठा उघडा असला, तर सबंध भादरू नका.

२) थंडीत फक्त कासेवरचे, मांड्यांच्या आतले आणि शेपटीच्या बुडाचे केस कात्रीनं कापा. दूध स्वच्छ राहायला तेवढं पुरतं.

३) पारडू, आजारी, हडकलेली किंवा नुकती व्यालेली म्हैस थंडीत भादरू नका.

४) एकाच वस्तऱ्यानं गोठाभर भादरलं तर गजकर्ण पसरतं. दर जनावरानंतर पातं उकळत्या पाण्यातून काढा. कातडीचा रोग असलेलं जनावर सगळ्यांत शेवटी घ्या.

५) भादरल्या दिवशीच उवांचं औषध चोळू नका. कापलेल्या कातडीतून ते अंगात भिनतं. औषध कोणतं, किती आणि त्यानंतर दूध किती दिवस वापरायचं नाही, हे पशुवैद्यक डॉक्टरांना विचारा.

६) भादरलेल्या जनावरावर रात्री गोणपाटाची झूल घाला. वाऱ्याच्या बाजूला पोती बांधा, खाली कोरडं पाचट पसरा. झूल ओली झाली तर लगेच बदला.

उन्हाळ्यात भादराल तर सावली आणि भरपूर पाणी हवंच. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा पुष्कळ कमी. उघड्या कातडीला ऊन सोसत नाही.

आणि हो, मिरवून आणलेल्या रेड्याला विसरू नका. त्याचा रंग धुवायचा तो दुपारी, उन्हात. रात्री त्यालाही झूल घाला. सण एका दिवसाचा, थंडी पुढं दोन-तीन महिने सोसायची आहे.