शरीराची गंगाजळी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. तरीही आज एका आजाराविषयी बोलण्याची अनुमती घेतो, कारण त्याने माझ्या हिशेबातील चूक दाखवून दिली.

रक्तवाहिन्यांना दाह होणाऱ्या विकारांपैकी ‘ताकायासू’ हा विकार जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी १९०८ साली नोंदविला. त्यात महाधमनी व तिच्या शाखा अरुंद होतात. कधी मनगटाची नाडीही लागेनाशी होते. रुग्ण बहुधा तरुण स्त्रिया असतात.

अशा एका भगिनीस आपल्या मदतनिधीतून औषधे पुरविली. दाह आटोक्यात आल्याचा अहवाल आला आणि मी समाधानाने फाईलवर सही केली. पुढच्या भेटीत तिची आई म्हणाली, “साहेब, पोरीला हात टेकल्याशिवाय पाटावरून उठवत नाही. कळशी तर राहूच द्या.” पुढे जिन्यात पडून तिचे मनगट मोडले.

डॉक्टरांनी कारण समजाविले. दीर्घकालीन दाहाने स्नायू झिजतात. तो शमविणारी स्टेरॉइड औषधे जीव वाचवितात. परंतु फार काळ घ्यावी लागल्यास मांड्यांचे व कमरेचे स्नायू दुबळे आणि हाडे ठिसूळ होऊ शकतात. परिणामी पडणे, अस्थिभंग, परावलंबन. स्नायूंचे बळ ही शरीराची गंगाजळी होय. आजारपणाचा खर्च तिच्यातूनच भागतो.

ही शिल्लक मोजता येते. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार मुठीची पकड पुरुषांत २८ व स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असणे, किंवा खुर्चीतून पाच वेळा उठण्यास १२ सेकंद वा अधिक लागणे, ही धोक्याची सूचना होय. हाताची रोहिणी अरुंद असल्यास पकड त्यामुळेही घटते. म्हणून पायांची चाचणीही आवश्यक.

पुरेशी प्रथिने व तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम यांनी बळ वाढविता येते. मात्र रक्तदाब व महाधमनी तपासल्याविना व्यायाम आरंभू नये आणि स्टेरॉइड स्वतःच्या मनाने कदापि थांबवू नये.

आपल्या मदत-अर्जात औषधांचा रकाना होता, व्यायामोपचाराचा नव्हता. तो यंदा घातला आहे. त्यात रक्कम भरणे आपल्या दातृत्वावर अवलंबून आहे. ती भगिनी आता पाटावरून हात न टेकता उठते, एवढेच नम्रपणे निवेदन करून आपली रजा घेतो.