निर्भय मन, खरे शिक्षण



भयग्रस्त मन शिकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई करते. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांसाठी ‘सखी सावित्री समिती’ नेमून दिली. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर तिचे पुन्हा स्मरण करून द्यावे लागले. कागदावरील समिती बालकाचे अश्रू पुसत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा परिषद व महापालिका शाळांत वह्या, गणवेश देणाऱ्या दात्यांनी मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारावे : समितीची बैठक केव्हा झाली? तक्रारपेटी कोण उघडते? दिव्यांग मुलाशेजारी कोण बसते? १०९८ हा मदत क्रमांक मुलांना पाठ आहे काय?

वस्त्रदान श्रेष्ठ खरे; परंतु भयभीत बालकास अभय देणे त्याहून श्रेष्ठ होय.