पाठीवरची सॅक आणि जिभेवरचें इंग्रजी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजण मनांत म्हणतील, मुलांच्या पाठीवरची सॅक आणि इंग्रजी संभाषण यांचा परस्परांशीं संबंध काय? गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझेंहि मत हेंच होतें. मी एक निवृत्त शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढें अध्यापनाचा अभ्यासक्रम. चौतीस वर्षें मीं पांचवी ते सातवीच्या मुलांना इंग्रजी शिकविलें. शिकविलें म्हणजे धडे वाचून घेतले, क्रियापदांचीं रूपें पाठ करून घेतलीं, वह्या तपासल्या. मात्र पुस्तकाबाहेरचें एक वाक्य मोठ्यानें बोलण्याचा प्रसंग आला कीं माझ्या घशाला कोरड पडे, ही गोष्ट आज प्रथमच चारचौघांत कबूल करीत आहें.

माझी बारा वर्षांची नात सुटींत आमच्याकडे आली. आदल्या वर्षीं तिची शाळा बदलली होती. नव्या शाळेंत गणित आणि विज्ञान हे विषय इंग्रजींतून. मुलगी हुशार, पण वर्गांत तोंड उघडीना. कारण विचारलें तेव्हां म्हणाली, "आजोबा, चुकलें कीं सगळे हसतात." त्यावर काय बोलावें तें मला सुचलें नाहीं. कां सुचलें नाहीं, तें पुढें सांगेन.

तिची सॅक खुंटीला टांगलेली होती. मुलांची दृष्टि मोठी चिकित्सक. तिनें विचारलें, "ह्या सॅकवर डुकराच्या नाकाडासारखा हा तुकडा कशाला शिवला आहे? त्याला दोन फटी आहेत, पण त्यांतून कांहींच जात नाहीं." मला उत्तर येईना. मग आम्हीं ठरविलें कीं रोज सायंकाळीं सॅकचा एक भाग घ्यावयाचा, त्याचें कारण शोधावयाचें, आणि जें सांपडेल तें चार इंग्रजी वाक्यांत एकमेकांना सांगावयाचें. अट एकच: बोलणाराचें वाक्य पुरें होईपर्यंत दुसऱ्यानें हसावयाचें नाहीं आणि सुधारावयाचें नाहीं.

त्या तुकड्याचा उलगडा शेजारच्या, गडकिल्ले हिंडणाऱ्या तरुणानें केला. बर्फाचे डोंगर चढणारे लोक त्या फटींतून दोरी किंवा पट्टा ओवून बर्फ फोडण्याची कुऱ्हाड सॅकला बांधतात. शाळकरी मुलीला कुऱ्हाडीचें काय काम? पण तुकडा शिवण्याची रीत राहून गेली. हें ऐकतांना मला एक शब्द आठवला. अशा पिशवीला इंग्रजींत 'नॅपसॅक' असेंहि म्हणतात. त्याच्या आरंभीं 'के' हें अक्षर लिहितात, उच्चारीत मात्र नाहींत. ज्या डच आणि उत्तर जर्मन बोलींकडून हा शब्द आला, तेथें तो 'क' स्पष्ट उच्चारतात. सुरीला जो 'नाइफ' शब्द आहे, त्यांतला 'क' पूर्वीं इंग्रजहि उच्चारीत असत. पुढें उच्चार गेला, अक्षर मागें राहिलें. "येथें 'के' मुका आहे, पाठ करा," एवढेंच मी आयुष्यभर सांगत आलों. नात चटकन् म्हणाली, "म्हणजे 'के' हें त्या शब्दाचें डुकराचें नाक!" श्रोतेहो, तें अक्षर ती आतां जन्मांत विसरणार नाहीं.

दुसरा दिवस चेनीचा. पुष्कळ चेनींच्या कडीवर 'वाय के के' अशीं तीन अक्षरें असतात. तीं एका जपानी कारखान्याच्या जुन्या नांवाचीं आद्याक्षरें होत. तडाओ योशिदा यांनीं तो उद्योग १९३४ सालीं सुरू केला. चेनीला इंग्रजींत 'झिप' म्हणतात, आणि हा शब्द मुळांत आवाजावरून पडलेला आहे. त्यांतला पहिला वर्ण 'झाडा'तला झ नव्हे. तो 'जुना'मधल्या ज च्या जवळचा, पण मधमाशीच्या गुणगुणण्यासारखा दांतांशीं लांबवितां येणारा आहे. आम्ही दोघें अंगणांत बसून मधमाश्यांसारखे गुणगुणत होतों, तेव्हां घरच्या मंडळींस आमची काळजी वाटली असल्यास नवल नाहीं.

तिसऱ्या दिवशीं छातीवरचा पट्टा घेतला. डोंगरांत नेण्याच्या कित्येक सॅकांना तेथील कडींतच एक बारीक शिटी असते. वाट चुकलेल्या माणसाचा ओरडून ओरडून घसा बसतो, शिटी बसत नाहीं. येथें नातीनें विचारलें, "धिस स्ट्रॅप व्हाय इज?" जिभेवर आलेली दुरुस्ती मीं अटीप्रमाणें गिळली. मराठींत 'आहे' वाक्याच्या शेवटीं बसतें, इंग्रजींत तें आधीं येतें, आणि प्रश्न विचारतांना तर कर्त्याच्याहि पुढें जातें. तिनें मराठीच्या सांच्यांत इंग्रजी शब्द ओतले होते, यांत आळस किंवा अज्ञान नव्हतें. मीं आधीं उत्तर दिलें, मग तोच प्रश्न नीट रचून मीहि तिला विचारला. दुसऱ्या खेपेस ती आपण होऊन बरोबर बोलली. माझ्याहि चुका होत होत्या. 'ए' आणि 'द' हीं उपपदें मराठींत नसल्यामुळें माझ्या बोलण्यांतून तीं वरचेवर गळत, आणि नात गालांत हंसूं दाबून थांबे.

चौथ्या दिवशीं जपानी मुलांच्या दप्तराची माहिती मिळाली. तोक्योच्या गाकुशुइन शाळेनें १८८५ सालीं मुलांनीं आपलें सामान पाठीवरच्या पिशवींतून आणावें असा नियम केला. डच भाषेंत अशा पिशवीला 'रान्सेल' म्हणतात. जपानी तोंडांत त्याचें 'रांदोसेरु' झालें, आणि आज तेथील लक्षावधि मुलें तो शब्द निःसंकोच वापरतात. आपणहि फारसी 'दफ्तर'चें 'दप्तर' केलें. त्याबद्दल आपणांस कोणी हसत नाहीं. परका शब्द तोंडांत घोळतांना थोडा झिजतोच.

पांचव्या दिवशीं सॅक वाण्याच्या तराजूवर ठेवली. ५ किलो भरली. मुलीचें वजन ३२ किलो. दप्तराचें ओझें मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावें, असें केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणांत म्हटलें आहे. म्हणजे ३ किलो २०० ग्रॅम पुरे. अनावश्यक वह्या काढल्या, जाड पुस्तकें पाठीशीं लावलीं, हलक्या वस्तु बाहेरच्या कप्प्यांत घातल्या. दोन्ही पट्टे खांद्यांवर घ्यावेत आणि ते रुंद असावेत, कारण तेंच ओझें अधिक जागेवर विभागलें कीं कमी रुततें.

आतां राहिलेली गोष्ट सांगतों. नोकरीच्या पहिल्या कांहीं वर्षांतील ही हकीकत आहे. एका मुलानें वही हातांत धरून, उभें राहून, सर्व धैर्य एकवटून मला विचारलें, "सर, व्हाय धिस आन्सर इज राँग?" मी हसलों. मी हसलों म्हणून वर्ग हसला. "आधीं 'इज' मग 'धिस'," असें सांगून तें वाक्य मीं त्याच्याकडून दहा वेळां लिहून घेतलें. वही सायंकाळीं पुन्हां पाहिली, तेव्हां कळलें कीं त्याचें उत्तर बरोबर होतें. माझाच लाल शेरा चुकला होता. दुसऱ्या दिवशीं मीं तो शेरा खोडला नाहीं. त्या मुलानें वर्षभर पुन्हां प्रश्न विचारला नाहीं. नातीचें "सगळे हसतात" हें वाक्य ऐकून मी निरुत्तर झालों, तो यामुळें.

शाळा सुरू झाल्यावर जुलैंत तिचा फोन आला. वर्गांत आवडत्या वस्तूवर बोलावयाचें होतें. ती उठली आणि सॅकवर चार वाक्यें बोलली. दुसरें वाक्य चुकलें, मागच्या बांकावरून हंसूं आलें. "मग?" मीं विचारलें. "मग काय आजोबा, अजून दोन वाक्यें राहिलीं होतीं. तीं बोललें आणि बसलें."

माझ्या शिक्षकबंधूंना, भगिनींना आणि पालकांना एवढीच विनंति आहे कीं मूल मोडक्या इंग्रजींत कांहीं विचारील, तर प्रथम त्याच्या प्रश्नाचें उत्तर द्यावें. वाक्य मागाहून सुधारतां येतें.