कर्कश: आवाज की माणूस?

आज एकच शब्द घेऊया. कर्कश.

संस्कृतात कर्कश म्हणजे खरखरीत, कठीण. हात फिरवला तर टोचेल असं. आपण तो शब्द कानालाही लावतो. कर्णकर्कश म्हणजे कानाला खरवडणारं.

आता गंमत बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण डेसिबल सांगतो आवाज किती मोठा ते. तो कर्कश आहे का, ते वेगळं. आवाजाचा जोर सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली झाला, की तो कानाला खरखरीत लागतो. किंकाळीत नेमकं हेच होतं, म्हणून ती ऐकली की आपण दचकून वळतो. म्हणजे कर्कश आवाजाचं एक कामही आहे: लक्ष वेधणं.

आता चला सूर्यमाळला, मोखाडा तालुक्यातल्या उंचावरच्या गावाकडे. या जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात तारपा वाजतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, आणि वादक श्वास न तोडता फुंकत राहतो. शहरातून आलेला पाहुणा म्हणेल, बापरे, किती कर्कश! पण नाचणाऱ्यांना तारप्याची चाल बदलली की पाऊल कधी बदलायचं ते बरोबर कळतं. म्हणजे थोडा कर्कशपणा आवाजात असतो, थोडा आपल्या सवयीत.

इथपर्यंत ठीक. पण याच शब्दाला एक काना लावा. कर्कशा! अर्थ काय? भांडखोर बाई. भांडखोर पुरुषासाठी असा शब्द आठवतोय का? तो मोठ्याने बोलला तर आवाज खणखणीत, भारदस्त.

मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. समजा, टँकर आला नाही म्हणून एखादी बाई ग्रामसभेत ओरडून बोलली. कुणी हळूच म्हणालं, "कर्कशा आहे ती." झालं! पाण्याचा प्रश्न बाजूला, चर्चा तिच्या आवाजाची.

म्हणून एवढंच करा. भोंगा कर्कश म्हणा, ब्रेक कर्कश म्हणा, खुशाल. माणसाला म्हणायच्या आधी एकदा विचारा, ती काय सांगत होती?

भेटू पुढच्या भागात!