भाड्याच्या जागेतील दुकान

(नवी मुंबईतील लघुउद्योजकांच्या बैठकीत वाशी येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी व्यापारी नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि पुढची तीसेक वर्षे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत काढली. ज्याने आयुष्यात कधी टाचणी विकली नाही, त्याने तुमच्यापुढे उभे राहून व्यवसायाच्या गोष्टी सांगाव्यात हा काहीसा आगाऊपणाच आहे. तरीही हे निमंत्रण मी स्वीकारले. समाजमाध्यमांच्या बाबतीत तुम्ही आज ज्या वळणावर उभे आहात, तेथे आमची वृत्तपत्रसृष्टी तुमच्या आधी पोहोचली आणि तुमच्या आधी ठेचकाळली. त्या ठेचेपुरता माझा अधिकार आहे, त्याहून अधिक नाही.

मघाशी सभागृहात येताना एका तरुण मित्राने मला जिन्यातच गाठले. रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटा कारखाना आहे. लेथ, मिलिंगची कामे ते करतात. त्यांनी विचारले, "साहेब, भाषण नंतर ऐकतो, आधी एकच सांगा. इन्स्टाग्राम करू की फेसबुक?" वैद्याकडे जाऊन, दुखते कोठे हे न सांगता, 'चूर्ण घेऊ की काढा?' असे विचारावे तसा हा प्रश्न. मी उलट विचारले, "तुम्हाला काम देणारा माणूस कोण?" म्हणाले, "चार-पाच कंपन्यांचे खरेदी अधिकारी." "त्यांना तुम्ही कसे सापडलात?" ते थोडे थांबले. दोघे जुन्या ओळखीतून आले होते, एक गाडीतून जाताना फाटकावरची पाटी वाचून आला होता आणि बाकीचे कसे आले हे त्यांना सांगता येईना. माझ्या मते आजच्या विषयाचे अर्धे उत्तर त्या पाटीत आहे. त्याकडे मी परत येईन.

आधी आपल्या घराजवळचे, म्हणजे तुर्भ्याच्या बाजार समितीतील उदाहरण घेऊ. हापूसचा हंगाम आला की पहिल्या पेटीची पूजा होते, वृत्तपत्रांत छायाचित्र छापून येते आणि मग हजारो पेट्यांचा ओघ सुरू होतो. या बाजारात रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची जुनी पद्धत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. माल सर्वांसमोर उघड मांडलेला असतो, सौदा मात्र दोघांतच होतो. तिच्यातील गुणदोषांची चर्चा आज नको. पण मांडणीची जागा वेगळी आणि सौद्याची जागा वेगळी, ही व्यापाराची खूण त्या रुमालात दिसते. ती लक्षात ठेवा.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. देवगड-रत्नागिरीच्या बागांत आंबा तयार होत होता, वाहतूक विस्कळीत होती आणि मे महिन्यात, ऐन हंगामात, वाशीची बाजारपेठ ११ ते १७ तारखेपर्यंत बंद ठेवावी लागली. आंब्याला टाळेबंदी समजत नाही. तो त्याच्या वेळी पिकतो. अशा वेळी कोकणातल्या कितीतरी बागायतदारांनी मुंबई, ठाणे, पुणे आणि आपल्या या नवी मुंबईतील गृहनिर्माण संस्थांना थेट माल पोहोचवला. कशाच्या बळावर? ना त्यांच्याकडे जाहिरात संस्था होती, ना देखणे संकेतस्थळ. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप गट होता. गटातील एखाद्याचे गाव कोकणात असे. तो लिहीत असे, "आमच्या गावच्या अमुक काकांचा आंबा आहे, किती जणांना पेट्या हव्यात?" तासाभरात यादी तयार. शंभर घरांचा माल एका टेम्पोत, एका फाटकावर उतरत असे.

येथे कोणते माध्यम निवडले गेले यापेक्षा ते का चालले हे पाहण्यासारखे आहे. हापूस ही विश्वासावर विकली जाणारी वस्तू. बाहेरून देवगड आणि कर्नाटकचा आंबा अनेकांना ओळखता येत नाही. (कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही या भेसळीच्याच त्रासातून सुटण्यासाठी.) म्हणून गिऱ्हाइकाला छायाचित्रापेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द हवा होता आणि तो शब्द सोसायटीच्या गटात मिळत होता. इन्स्टाग्रामवर त्याच आंब्याचे सुंदर चित्र टाकले असते, तर शेकडो लोकांनी बदाम दाबले असते. पेट्या किती गेल्या असत्या, याची मला शंका आहे.

हे नवे शहाणपण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर उत्तम होता. गिऱ्हाईक भीत होते. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याची आणि मालाची वार्ता देणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनात त्याने काय केले, हे या सभागृहातील ज्येष्ठांना सांगायला नको. उद्योजकाच्या दृष्टीने पाहिले, तर दुसऱ्याच्या वृत्तपत्रातील चौकट विकत घेऊन ते थांबले नाहीत. वाचकांशी बोलण्याची स्वतःची जागा त्यांनी उभी केली.

आता रबाळ्याच्या मित्राकडे येऊ. त्यांचा खरेदी अधिकारी कामाच्या वेळी रील पाहत बसत नाही आणि बसलाच तर ते पाहून सुट्या भागांची मागणी नोंदवत नाही. त्याला एखादा भाग हवा असतो तेव्हा तो गूगलवर शोधतो, इंडियामार्टसारख्या ठिकाणी नावे काढतो, एखादा लिंक्डइनवर कारखान्याच्या मालकाची माहिती पाहतो आणि दोघा-तिघांना फोन करतो. म्हणून फाटकावरच्या पाटीचे आजचे रूप म्हणजे गूगलच्या नकाशावरील नोंद. ती विनामूल्य आहे. कारखान्याचे नाव, अचूक जागा, चालू दूरध्वनी, कामाची वेळ, यंत्रांची पाच-सहा स्वच्छ छायाचित्रे आणि कोणत्या धातूवर किती अचूकतेचे काम करता हे चार ओळींत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात असे कितीतरी कारखाने आहेत, ज्यांच्या नकाशावरील नोंदीत दहा वर्षांपूर्वी बंद झालेला क्रमांक आहे. माल घेऊन आलेला चालक फेऱ्या मारतो आणि मालक मात्र मुलाला सांगतात, "आपले इन्स्टाग्राम सुरू कर." मला हसू येते, पण हे हसण्यासारखे नाही. गेलेले काम कधी कळतच नाही.

याउलट ज्या भगिनी पैठणीच्या पर्स शिवतात, मेंदी काढतात, केक करतात, त्यांचा माल डोळ्यांनी विकला जातो. त्यांची जागा इन्स्टाग्रामच. तेथे मात्र मांडणी रोज लागते. आज टाकलेली चित्रफीत चार दिवसांत मागे पडते. यूट्यूबचे तसे नाही. पाण्याची टाकी कशी स्वच्छ करावी, सौर पॅनेलची निगा कशी राखावी, असे काही शिकवणारी चित्रफीत वर्षानुवर्षे शोधली जाते आणि शिकवणाऱ्याकडेच काम येते. फेसबुकवर मध्यमवयीन मंडळी अजून आहेत. सहली नेणाऱ्यांना, शिकवणी वर्गांना, ज्येष्ठांच्या सेवा देणाऱ्यांना तेथे अर्थ आहे. एक्सवर राजकारण जितके चालते तितका किराणा चालत नाही, एवढेच म्हणतो.

व्हॉट्सअ‍ॅपची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती न कळल्याने अनेकांची मेहनत वाया जाते. त्यातील ब्रॉडकास्ट यादीने पाठवलेला संदेश ज्याने तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच पोहोचतो. तुम्ही दोनशे जणांना दिवाळीच्या शुभेच्छा आणि दरपत्रक पाठवता; चाळीस जणांनीच क्रमांक ठेवला असेल तर चाळीसांनाच मिळते. म्हणून पेटीवर, पिशवीवर, पावतीवर क्रमांक छापून, "हा जतन करा" असे प्रत्यक्ष सांगावे लागते.

आता ठेचेविषयी. नवी मुंबईकरांना भाडेपट्टा समजावून सांगायला नको. आपण ज्या इमारतींत राहतो त्यांच्याखालची सिडकोची जमीन साधारणतः ६० वर्षांच्या पट्ट्याने असते, औद्योगिक वसाहतीतील भूखंड ९५ वर्षांच्या. त्या पट्ट्याच्या अटींवरून या शहरात किती अर्ज, किती मोर्चे झाले! पण फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप यांच्यावर आपण जे दुकान थाटतो, त्याचा पट्टा एका दिवसाचाही नाही. अटी त्यांच्या आणि त्या बदलण्याचा अधिकारही त्यांचाच.

ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, गूगल प्लस २०१९ मध्ये. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. गलवाननंतर तो निर्णय योग्यच होता असे मी मानतो. पण ज्या लहान माणसांचे गिऱ्हाईक केवळ तेथेच होते, त्यांचे दुकान एका रात्रीत गेले हेही खरे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही एकदम सुमारे सहा तास ठप्प झाली. घटस्थापनेला तीन दिवस उरले होते. तीन दुकाने आहेत असे समजणाऱ्यांना तेव्हा कळले की, मालक एकच आहे.

आमची गोष्ट याहून वाईट. मी तेव्हा ज्या दैनिकात होतो, तेथे आम्ही वाचकांना आग्रहाने सांगत असू, 'आमचे फेसबुक पान पाहा.' आमचेच वाचक आम्ही हाताला धरून दुसऱ्याच्या अंगणात नेऊन बसवले. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, यापुढे मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला प्राधान्य. पानांचा मजकूर मागे पडला. आमची वाचकसंख्या घसरली आणि ज्यांना परत बोलवायचे त्यांचे पत्ते आमच्याकडे नव्हते. वर्गणीदारांची जुनी वही आम्हीच, कालबाह्य म्हणून, रद्दीत घातली होती. त्या निर्णयाच्या बैठकीत मी होतो आणि मीही मान डोलावली होती.

माझ्या नात्यातील एक भगिनी नेरुळला दिवाळीचा फराळ करून विकतात. दिवाळीच्या आधी आठवडाभर त्यांना एक फोन आला, आलेला सहा आकडी क्रमांक त्यांनी भाबडेपणाने सांगितला आणि त्यांचे खाते परक्याच्या हाती गेले. मागण्या, पत्ते, आगाऊ रकमांची नोंद, सारे त्यातच. घरात चकल्यांची भाजणी दळून तयार आणि कोणाला किती द्यायच्या हे ठाऊक नाही! त्यांच्या सासूबाईंनी मात्र पहिल्या दोन वर्षांची गिऱ्हाइके एका वहीत लिहून ठेवली होती. त्या वहीवरून फोन करून त्यांनी निम्मी दिवाळी सावरली. निम्मी गेली ती गेलीच. टू-स्टेप पडताळणी सुरू करायला पाच मिनिटे लागतात. ती आज घरी गेल्यावर करा.

म्हणून माझे सांगणे असे. मांडणीसाठी एक माध्यम निवडा, जेथे तुमचे गिऱ्हाईक आधीपासून आहे. सौद्यासाठी एक, जेथे त्याला तुमच्याशी दोघांतच बोलता येईल. पाच ठिकाणी धूळ खात पडलेल्या पाट्यांपेक्षा ही दोन बरी. आणि तिसरी वही, जी तुमची आहे. नाव, क्रमांक, काय घेतले, कधी घेतले. अर्थात गिऱ्हाइकाला विचारून. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दुसऱ्याकडून विकत घेतलेल्या क्रमांकांच्या याद्यांना हात लावू नका.

येथे एक प्रश्न तुमच्या मनात असणार. स्वदेशी माध्यम का नको? मलाही तेच वाटते. पण कूचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. मोठ्या उत्साहाने २०२० मध्ये सुरू झालेले ते भारतीय माध्यम जुलै २०२४ मध्ये बंद पडले. आपण अभिमानाने खाते उघडले; बोलत राहिलो मात्र दुसरीकडेच. २०२५ च्या शरद ऋतूत झोहोच्या अरट्टईकडे असाच मोठा ओघ लागला. तेथे खाते जरूर उघडा, गिऱ्हाइकालाही बोलवा. तो येईपर्यंत मात्र तो जेथे आहे तेथे आपल्याला गेले पाहिजे. भावनेवर पहिली पेटी विकली जाते. दुसरी आंब्याच्या चवीवर.

उद्या सकाळी दुकान उघडल्यावर शेवटच्या दहा गिऱ्हाइकांना फोन करा आणि विचारा, "आमचा पत्ता तुम्हाला कोठे लागला?" उत्तरे वहीत लिहा. जाहिरातीवर एक रुपयाही त्याआधी खर्चू नका. रबाळ्याचे आमचे मित्र समोर बसले आहेत आणि त्यांचा हात मघापासून वर आहे. त्यांचा प्रश्न आधी घेऊ.